अधिकच्या चिन्हापुढे काय लिहिलंय?

(एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलेल्या पेशंटच्या फाइलवर बहुधा एकच नाव नसतं. ‘एमव्हीआर’ लिहिलेलं असतं, म्हणजे मायट्रल झडप बदलणे. त्यापुढे अधिकचं चिन्ह. मग ‘टीव्ही रिपेअर’. पुन्हा अधिक, ‘एलएए क्लोजर’. एखाद्या फाइलवर आणखी एक अधिक आणि ‘मेझ’. घरच्यांनी झडपेबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारलेलं असतं, ओळखीत कुणाचं तरी तसं ऑपरेशन झालेलं असतं, त्यामुळे पहिल्या शब्दाशी थोडी ओळख असते. अधिकच्या चिन्हापुढे काय आहे, हे मात्र बऱ्याचदा कुणी बसून सांगितलेलं नसतं. माझं आजचं बोलणं त्या चिन्हापुढच्या शब्दांबद्दल आहे.

मी हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देणारी डॉक्टर आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला भेटणं हे आमचं काम. दमा आहे का, दात हलतात का, आधी कधी भूल घेतली होती का, हे विचारून मी निघते आणि दारापाशी पोचेपर्यंत मागून हाक येते, “मॅडम, ते उजव्या बाजूच्या झडपेचं पण काही करणार आहेत म्हणे, ते काय असतं?” हा प्रश्न त्या वेळी आणि मला विचारावा लागावा, याचं वाईट वाटतं. ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्याबद्दल तुम्ही सगळे एकच गोष्ट सांगता: पेशंटला कळेपर्यंत ते खुर्चीवरून उठत नसत. म्हणून मी हाच विषय निवडला.

“छाती उघडलीच आहे तर हेही करून घेऊ.” हे वाक्य हृदयशस्त्रक्रियेच्या ओपीडीत रोज उच्चारलं जातं आणि ते पोकळ नाही. छातीचं मधलं हाड कापून एकदा हृदयापर्यंत गेलं, की जखम भरताना आतले पदर एकमेकांना आणि हाडाच्या मागच्या बाजूला चिकटतात. काही वर्षांनी पुन्हा जायचं म्हटलं, तर करवत चालवताना तिच्या खाली लगेच हृदयच असू शकतं. दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, रक्तस्राव जास्त होतो, वेळ जास्त लागतो. तेव्हा पाच-दहा वर्षांत ज्याच्यासाठी पुन्हा छाती उघडावी लागण्याची खरी शक्यता आहे, ते आत्ताच उरकणं शहाणपणाचं आहे.

पण त्या वाक्यात अर्धाच हिशोब आहे. झडपेवर काम करायचं तर हृदय थांबवावं लागतं. रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवलं जातं, महाधमनीला चिमटा लागतो आणि पोटॅशियम असलेलं द्रावण सोडून हृदयाची धडधड बंद केली जाते. १९५३ साली फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी या मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, तेव्हापासून तंत्र कितीतरी सुधारलं, पण मशीनवरचा वेळ अजूनही फुकट मिळत नाही. तो लांबतो तसा मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि अशक्त हृदय पुन्हा जोर धरायला वेळ घेतं. प्रत्येक जादा कृतीला वेळ लागतो आणि तिचे स्वतःचे धोकेही असतात. त्यामुळे प्रत्येक अधिकच्या चिन्हापुढच्या शब्दाला वेगळा प्रश्न विचारला पाहिजे: हे कशासाठी, हे न केल्यास काय होईल, आणि हे केल्याने कोणता धोका वाढतो? मुख्य ऑपरेशनला दिलेला होकार या प्रश्नांचं उत्तर नसतो.

आपल्याकडे नेहमी दिसणारं चित्र घेऊ. समजा, चाळिशीतली एक बाई आहे. लहानपणी घसा दुखून ताप आला, मग गुडघे, घोटे सुजले, औषध अर्धवट झालं. त्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप हळूहळू जाड आणि अरुंद केली. निरोगी माणसात या झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं. ते दीडच्या खाली आलं की आजार तीव्र मानतात. डाव्या वरच्या कप्प्यातून, म्हणजे डाव्या कर्णिकेतून, रक्त खाली उतरायला अडतं. तो कप्पा ताणून मोठा होतो आणि त्याची लय बिघडते. नाडी कशीही, वेडीवाकडी चालू लागते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, दवाखान्यात ‘एएफ’. मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांवर, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूवर येतो. उजवी बाजू फुगते आणि तिथली ट्रायकस्पिड झडप (फाइलवरची ‘टीव्ही’) गळायला लागते. पायांना सूज येते, पोट जड होतं.

म्हणजे या बाईच्या फाइलवरचे तिन्ही अधिकचे शब्द, ट्रायकस्पिड, एलएए, मेझ, हे एकाच आजाराचे पुढचे टप्पे आहेत. आजाराचं मूळ दुरुस्त केल्यावर हे टप्पे आपोआप मागे फिरतात का, हा हृदयशस्त्रक्रियेतला जुना प्रश्न आहे.

ट्रायकस्पिडचीच गोष्ट सांगते, कारण तिच्यात मतं कशी बदलतात ते दिसतं. नीना ब्राउनवाल्ड या अमेरिकन शल्यचिकित्सक बाईंनी १९६० साली स्वतः घडवलेली कृत्रिम मायट्रल झडप पेशंटला बसवली होती. ज्या काळात ऑपरेशन थिएटरमध्ये बाई म्हणजे नर्सच असं गृहीत धरत, त्या काळात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मांडलं, की मायट्रल झडप बदलल्यावर ट्रायकस्पिडची गळती बहुतेकांत कमी होते, तिला हात लावायची गरज नाही. हे मत बरीच वर्षं टिकलं. पण ऑपरेशननंतर आठ-दहा वर्षांनी सुजलेले पाय आणि पाण्याने भरलेलं पोट घेऊन परत येणारे पेशंट सगळीकडेच दिसत राहिले. डावीकडची नवी झडप ठणठणीत आणि उजवीकडची पार फाकलेली. अशा वेळी केवळ ट्रायकस्पिडसाठी पुन्हा छाती उघडणं फार जोखमीचं ठरतं, कारण तोवर यकृत आणि मूत्रपिंडंही थकलेली असतात.

का होतं असं? या गळतीत झडपेचे पडदे बहुधा शाबूत असतात. दार चांगलं आहे, पण चौकट फाकल्यामुळे ते लागत नाही, असा प्रकार. फाकलेली चौकट दाब उतरल्यावर पूर्ववत होईलच याची खात्री नसते. २००५ साली शल्यचिकित्सक ड्रेफस आणि सहकाऱ्यांनी उलटा विचार मांडला: किती गळतंय यापेक्षा चौकट किती फाकली आहे ते मोजा, आणि फाकली असेल तर गळती थोडी असली तरी आत्ताच आवळा. आज इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ही चौकट ४० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठी दिसली, की शल्यचिकित्सक तिथे रिंग बसवण्याचा विचार करतात. रिंगऐवजी नुसत्या टाक्याने आवळण्याचीही पद्धत आहे, ती स्पेनच्या डे वेगा यांच्या नावाने ओळखतात. तिला खर्च कमी, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत ती अनेक वर्षं वापरली गेली आहे.

मग करून टाकावं सरसकट? इथे २०२२ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी फार उपयोगाची आहे. मायट्रल झडप झिजून गळणाऱ्या ४०१ पेशंटांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटात मायट्रलसोबत ट्रायकस्पिडही आवळली, दुसऱ्यात नाही. या सगळ्यांची ट्रायकस्पिड गळती मध्यम किंवा त्याहून कमी होती. मृत्यू, ट्रायकस्पिडसाठी पुन्हा ऑपरेशन, किंवा गळती बरीच वाढणे, यांपैकी काहीतरी दोन वर्षांत घडलं ते आवळलेल्या गटात ३.९ टक्के लोकांना आणि न आवळलेल्या गटात १०.२ टक्के लोकांना. फरक मोठा आहे. पण तो जवळजवळ सगळा गळती वाढण्या-न वाढण्याचा होता, मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. आणि कायमचा पेसमेकर बसवावा लागला तो आवळलेल्यांपैकी १४.१ टक्क्यांना, न आवळलेल्यांपैकी २.५ टक्क्यांना.

पेसमेकरचा संबंध कुठून आला? १९०६ साली तावारा या जपानी संशोधकाने हृदयात एक बारीक गाठ दाखवून दिली, जिच्यातून वरच्या कप्प्यांचा विजेचा संदेश खाली उतरतो. ही गाठ ट्रायकस्पिडच्या चौकटीला अगदी खेटून आहे. रिंग त्या भागात मुद्दाम उघडी ठेवतात, टाके तिथे घेत नाहीत, तरी सूज आणि ताण पोचतो. काहींत तो संदेश तुटतो आणि मग पेसमेकरला पर्याय राहत नाही.

हे आकडे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. तीव्र गळती असेल तर ट्रायकस्पिड दुरुस्त करायलाच हवी, त्यावर फारसा वाद नाही. गळती थोडी आणि चौकट किंचितच मोठी असेल, तिथे मात्र निवड आहे. सत्तरीतल्या माणसाला ती एका बाजूने बरी वाटेल, तिशीतल्या मुलीला, जिला पुढची चाळीस वर्षं पेसमेकरची बॅटरी बदलत काढावी लागेल, दुसऱ्या बाजूने. शिवाय ही चाचणी अमेरिका, कॅनडा आणि जर्मनीतल्या, झिजेने बिघडलेल्या झडपांवर झाली. आपल्या ऱ्हुमॅटिक पेशंटांत काही वेळा ट्रायकस्पिडचे पडदेही आजाराने जाड झालेले असतात, उजव्या बाजूवरचा दाबही वेगळा असतो. तेव्हा ते आकडे जसेच्या तसे आपल्या बाईला लावता येत नाहीत. तिच्या शल्यचिकित्सकाने तिच्या इकोकडे बघून सांगायला हवं, आणि ‘आमच्याकडे असं केल्यावर किती जणांना पेसमेकर लागतो’ हे विचारायचा तिला हक्क आहे.

आता बिघडलेल्या लयीकडे येऊ. १९८७ साली सेंट लुईसमध्ये जेम्स कॉक्स यांनी कर्णिकांमध्ये ठरावीक रेषांत काप घेऊन ते पुन्हा शिवले. जिथे व्रण पडतो तिथून वीज जात नाही. त्या रेषा अशा आखल्या की भरकटणाऱ्या संदेशाला फिरायला जागा उरू नये आणि नेहमीच्या संदेशाला वाट राहावी. हीच ती मेझ शस्त्रक्रिया. आज काप घेण्याऐवजी बहुतेक ठिकाणी उष्णतेने किंवा अतिशीत करून त्या रेषा उमटवतात. मायट्रल शस्त्रक्रियेसोबत हे करण्याचा फायदा किती, याची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. २६० पेशंट होते. वर्षभराने सुरळीत लय टिकलेले लोक मेझसारखी कृती केलेल्या गटात सुमारे ६३ टक्के, न केलेल्या गटात २९ टक्के. इथेही पेसमेकरचं प्रमाण अडीच पटींहून अधिक वाढलेलं दिसलं, आणि वर्षभरातल्या मृत्यूंत ठळक फरक नव्हता.

आकडा चांगला वाटतो, पण आपल्या त्या बाईची डावी कर्णिका खूप ताणलेली असेल आणि लय दहा वर्षांपासून बिघडलेली असेल, तर यश त्याहून बरंच कमी मिळतं. उलट लय बिघडून थोडेच महिने झाले असतील, तर संधी चांगली असते. म्हणून ‘लय किती वर्षांपासून अशी आहे’ आणि ‘कर्णिका किती सेंटिमीटरची आहे’ या दोन गोष्टी माहीत असल्याशिवाय मेझबद्दलची चर्चाच होऊ शकत नाही. तुमच्या जुन्या ईसीजीच्या पट्ट्या जपून ठेवा, असं मी म्हणते ते यासाठी.

एलएए म्हणजे डाव्या कर्णिकेला लागून असलेली छोटी, चुण्यांची पिशवी. लय बिघडली की तिच्यात रक्त साचतं, गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की लकवा. २०२१ साली ‘लाओस-३’ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २७ देशांतले सुमारे ४,८०० पेशंट, सगळ्यांना एएफ, सगळ्यांचं दुसऱ्या कारणाने हृदयाचं ऑपरेशन होणार. निम्म्यांची ही पिशवी सोबतच बंद केली. सरासरी ३.८ वर्षांत लकवा किंवा इतरत्र गुठळी जाणं पिशवी बंद केलेल्यांत ४.८ टक्के, न केलेल्यांत ७ टक्के. मशीनवरचा वेळ वाढला तो जेमतेम काही मिनिटं. अधिकच्या चिन्हापुढे लिहिल्या जाणाऱ्या गोष्टींमध्ये इतक्या कमी किमतीत इतका भक्कम पुरावा असलेली गोष्ट मला दुसरी दिसत नाही, आणि ज्याला एएफ आहे त्याच्या यादीत ती नसेल तर ‘का नाही?’ असं मी उलट विचारायला सांगेन.

त्यातही दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. त्या चाचणीतल्या बहुतेकांची रक्त पातळ करणारी गोळी चालूच होती, पिशवी बंद केली म्हणून गोळी बंद केलेली नव्हती. ‘पिशवी शिवली, आता गोळी नको’ हा निष्कर्ष त्या चाचणीतून निघत नाही. धातूची झडप बसली असेल तर गोळी जन्मभर घ्यायचीच आहे. दुसरं, ऱ्हुमॅटिक मायट्रल आजारात गुठळ्या पिशवीबाहेर, कर्णिकेच्या मोकळ्या जागेतही बऱ्याच होतात, साध्या एएफपेक्षा जास्त. म्हणजे आपल्या बाईला पिशवी बंद करून फायदा आहे, पण संरक्षण अपुरं आहे. तिची गोळी आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तिची आयएनआर तपासणी चुकता कामा नये.

ज्या कृती आजाराच्या साखळीत नसतात, योगायोगाने सापडतात, त्यांच्याबद्दल मी जास्त सावध असते. भूल दिल्यावर अन्ननलिकेतून इको करणं माझं काम आहे. त्या तपासणीत कधी दोन कर्णिकांमधल्या पडद्यात बारीक फट दिसते. जन्माआधी ती सगळ्यांनाच असते आणि सुमारे चौथाई प्रौढांत ती पुरती मिटलेली नसते. दिसली की बंद करावी, हा मोह साहजिक आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २००९ साली आपल्या १३,००० हून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. अशी अचानक सापडलेली फट बंद केल्याने लोक जास्त जगले नाहीत, आणि शस्त्रक्रियेच्या सुमारास लकव्याचं प्रमाण बंद केलेल्यांतच जास्त दिसलं. अर्थात मायट्रलसाठी डावी कर्णिका उघडलेलीच असेल तर त्या फटीला दोन टाके घालणं वेगळं, आणि तेवढ्यासाठी ठरलेलं ऑपरेशन बदलणं वेगळं.

मुख्य ऑपरेशन बायपासचं असतं, तेव्हाचंही उदाहरण आहे. बायपास ठरलेल्या काही पेशंटांची मायट्रल झडप मध्यम गळत असते. सोबत तीही दुरुस्त करावी का? २०१४ साली ३०१ पेशंटांवरच्या चाचणीने दाखवलं, की गळती कमी झाली खरी, पण वर्षभराने हृदयाचा आकार दोन्ही गटांत सारखाच होता आणि झडपही दुरुस्त केलेल्यांत मेंदूशी संबंधित त्रास जास्त झाले. ‘सोबत करून टाकू’ हे नेहमीच फायद्याचं असतं, या समजुतीला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

जादा कृती बायपासची असेल तर मात्र सरळ आहे. व्हॉल्व्हच्या ऑपरेशनआधी चाळिशीपुढच्या पुरुषांची आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची अँजिओग्राफी करतात, ती याचसाठी. मोठी रक्तवाहिनी सत्तर टक्के किंवा जास्त बंद असेल तर सोबत बायपास करणं योग्यच. त्याबद्दल मी अधिक बोलत नाही. ऑपरेशनआधी किडलेले दात काढायला सांगतात त्याचाही राग मानू नका. हिरड्यांतले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसले तर ते फार महागात पडतं.

एओर्टिक झडपेच्या, म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या, फाइलवर वेगळे शब्द येतात. शंभरात एक-दोन माणसांची ही झडप जन्मतः तीनऐवजी दोनच पडद्यांची असते. ती लवकर बिघडते आणि तिच्यावरची महाधमनीही अनेकदा रुंद होत जाते. महाधमनी एकटीच रुंद असेल तर साधारण साडेपाच सेंटिमीटरला ऑपरेशन सांगतात, काही कारणं असतील तर पाचला. पण झडपेसाठी छाती उघडायचीच असेल तर ही मर्यादा साडेचारवर येते. ‘उघडलीच आहे तर’ हे वाक्य इथे मार्गदर्शक नियमांतच उतरलेलं आहे. पण ‘महाधमनी बदलणार’ एवढ्याने काही कळत नाही. झडपेच्या वरचा सरळ भाग काढून कापडी नळी शिवणं हे एक काम. झडपेसकट मुळाचा भाग काढून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही धमन्या सोडवायच्या आणि नव्या नळीला पुन्हा जोडायच्या, हे त्याहून कितीतरी मोठं काम. १९६८ साली लंडनमध्ये ह्यू बेंटॉल आणि डी बोनो यांनी ते मांडलं, म्हणून त्याला बेंटॉल म्हणतात. दोन्हींचा धोका सारखा नाही. कोणता भाग, कुठपासून कुठपर्यंत, हे चित्र काढून मागा. शल्यचिकित्सकांना चित्र काढायला आवडतं, हा माझा अनुभव आहे.

लहान चणीच्या बायकांत एओर्टिक झडपेची जागाच अनेकदा अरुंद असते. तिथे छोटी झडप बसवली तर नवी झडपही शरीराला अपुरी पडते. शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९७८ साली हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला. म्हणून मुळाशी काप घेऊन, ठिगळ लावून जागा वाढवण्याचा प्रस्ताव येऊ शकतो. पेशंट तरुण असेल आणि पुढे कधीतरी पायाच्या रक्तवाहिनीतून दुसरी झडप या झडपेच्या आत बसवायची वेळ येणार असेल, तर आजची जागा मोठी असणं फार मोलाचं ठरतं.

हे सगळं ठरतं केव्हा, हा माझ्या कळकळीचा विषय आहे. पुष्कळांना वाटतं, आत गेल्यावर डॉक्टर बघतील आणि ठरवतील. काही गोष्टी खरोखरच आत गेल्यावर कळतात. पण गळतीच्या बाबतीत थिएटरमधला इको फसवतो. भूल दिल्यावर रक्तदाब उतरतो, रक्तवाहिन्या सैलावतात, आणि कालपर्यंत मध्यम दिसणारी गळती किरकोळ दिसायला लागते. ट्रायकस्पिड आवळायची की नाही हे जागेपणी, चांगल्या यंत्रावर केलेल्या इकोवरच ठरलं पाहिजे. टेबलावरच्या चित्रावर नव्हे. म्हणजे बहुतेक अधिकची चिन्हं आदल्या आठवड्यातच ठाऊक असतात. ठाऊक असतात तर सांगता येतात.

आणि तरीही, एका ठिकाणी मी पाहिलं आहे, निवासी डॉक्टर गाउन घालून थिएटरच्या दारात येतो, बाहेर बाकावर बसलेल्या मुलापुढे कागद धरतो, “अजून एक करायला लागतंय, इथे सही करा.” त्या मुलाने काय विचारायचं? आई आत, छाती उघडलेली. तो कुठेही सही करेल. याला संमती म्हणायला माझं मन धजत नाही.

कायदाही म्हणत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं, हृदयाचं नव्हे, स्त्रीरोगाचं. बाईने तपासणीपुरती संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची सही घेऊन मोठं ऑपरेशन करण्यात आलं. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की प्रौढ आणि समजत्या पेशंटची संमती तिचीच हवी, नातेवाइकाची सही तिची जागा घेत नाही. जादा कृती करता येते ती जीव वाचवण्यासाठी किंवा आरोग्य टिकवण्यासाठी गरजेची असेल आणि ती लांबवणं गैर ठरेल तेव्हाच. त्याच निकालाने मार्गही दाखवला: शक्यता आधी दिसत असेल तर मुख्य आणि संभाव्य जादा कृती, दोन्हींची संमती आधी एकत्र घेता येते. म्हणजे ‘गरज पडल्यास इतर’ एवढ्या गोल शब्दांवर कुणी थांबू नये. काय गरज, कोणतं इतर, ते नावानिशी लिहिलं जावं.

त्यासाठी पेशंटच्या घरात एक सवय बदलावी लागेल. आपल्याकडे शल्यचिकित्सकाशी बोलायला मोठा मुलगा किंवा दीर जातो, आणि जिचं ऑपरेशन आहे ती वॉर्डात पडून असते, “तिला कशाला घाबरवायचं” म्हणून. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात घाबरलेल्या बायका त्याच असतात, ज्यांना काही सांगितलेलं नसतं. तिला खुर्चीवर बसवा. पेसमेकर लागला तर शेतातलं काम जमेल का, मूल होऊ द्यायचं आहे तर कोणती झडप आणि कोणती गोळी, हे प्रश्न तिचे आहेत आणि तीच विचारू शकते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन होणार असेल तर आरोग्यमित्राकडे जाऊन पूर्वमंजुरीत नक्की काय लिहिलंय ते वाचून घ्या. यादीतली एखादी कृती मंजुरीत नसेल तर तिचा खर्च कोण देणार, हे भरती होण्याआधी कळलं पाहिजे. पैशासाठी कुठली जादा कृती सुचवली जाते, असा सरसकट संशय मी घेणार नाही. तसे प्रसंग असतील, पण मी ज्यांच्याबरोबर टेबलापाशी उभी राहते त्यांतले बहुतेक जण पेशंटला दुसऱ्यांदा उघडावं लागू नये एवढ्यासाठीच झटत असतात. मात्र हेतू चांगला असला, तरी समजावून सांगण्याची जबाबदारी उरतेच.

आणि काम झाल्यावर डिस्चार्ज कार्ड वाचल्याशिवाय दवाखाना सोडू नका. झडप कोणत्या कंपनीची, किती नंबरची, रिंग बसवली की टाक्याने आवळलं, पिशवी शिवली की क्लिप लावली, बायपासची नळी हाडामागून कुठून नेली आहे, हे सगळं त्यावर हवं. पुढे एमआरआय करायची वेळ आली तर तो करणारा माणूस हेच विचारेल. पुन्हा छाती उघडायची वेळ आली, तर ती नळी कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या शल्यचिकित्सकाच्या हातून पहिल्याच मिनिटात ती कापली जाऊ शकते. यादीत असून न केलेली एखादी गोष्ट असेल तर तीही कारणासकट लिहून घ्या. दहा वर्षांनी इको करणाऱ्या डॉक्टरला उजव्या झडपेची गळती नव्याने झालेली दिसते आहे, की तेव्हा विचार करून सोडून दिलेली, हे त्या एका ओळीवरूनच समजणार आहे.